स्टूल तपासणी नीट कशी करायची : डबीपासून रिपोर्टपर्यंत

कुठल्याही छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी अकराच्या सुमारास डोकावून बघा. सीबीसी मशीनवर लागलेले असतात, शुगरच्या ट्यूब फिरत असतात, लघवीच्या पट्ट्या बुडवून झालेल्या असतात. आणि खिडकीजवळच्या ट्रेमध्ये, सगळ्यांपासून जरा लांब, स्टूलच्या, म्हणजे शौचाच्या नमुन्याच्या, दोन-तीन डब्या गुमान बसलेल्या असतात. त्यांना हात लागतो सगळ्यात शेवटी. सकाळी सातचा नमुना दुपारी एकला उघडतो, एक स्लाइड होते, दोन मिनिटं बघितली जाते आणि रिपोर्टवर छापलं जातं : 'ओव्हा-सिस्ट : नॉट सीन', म्हणजे परजीवींची अंडी किंवा सिस्ट (कवचातली अवस्था) दिसल्या नाहीत.

दिसलं नाही, हे खरंच. पण कधी बघितलं, कशात बघितलं आणि किती वेळ बघितलं, याचा त्या रिपोर्टमध्ये पत्ता नसतो. जिवंत अमीबा त्या डबीत असलाच तर तो नऊच्या आधीच विरघळून गेलेला असतो. म्हणून हा लेख मायक्रोस्कोपपासून सुरू न करता घड्याळापासून सुरू करतो आहे. डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा, करणारी मुलं आणि तालुक्याच्या लॅबमध्ये नुकतेच लागलेले तंत्रज्ञ यांच्यासाठी तो आहे. ज्यांना फक्त नमुना द्यायचा आहे, त्यांनी पहिला भाग वाचला तरी पुरे.

नमुना घेताना

पूर्वी लोक काड्यापेटीत नमुना आणायचे. अजूनही एखादे आजोबा बामच्या रिकाम्या बाटलीत आणतात. काड्यापेटीचा पुठ्ठा ओल शोषून घेतो, बामचा वास आणि तेल नमुन्यात उतरतं. दोन्हींत नाजूक जीव टिकत नाहीत. रुंद तोंडाची, कोरडी, घट्ट झाकणाची प्लास्टिकची डबी द्या. निर्जंतुक असायलाच हवी असं नाही, पण स्वच्छ आणि कोरडी हवीच.

डबी नुसती हातात ठेवू नका, सांगा. 'सकाळचा संडास घेऊन या' एवढ्यावर माणूस भांड्यातल्या पाण्यातून उचलून आणतो. लघवीने ट्रोफोझॉइट, म्हणजे हालचाल करणारी अवस्था, मरते. पाण्यातून आणि मातीतून भलतेच जीव नमुन्यात येतात आणि मग आपण तासभर त्यांच्यामागे धावतो. म्हणून असं सांगा : आधी लघवी करून घ्या, मग खाली जाड कागद किंवा प्लास्टिक पसरून त्यावर शौच करा, डबीबरोबर दिलेल्या चमच्याने सुपारीएवढा भाग घ्या. पातळ असेल तर दोन-तीन चमचे. रक्ताचा किंवा शेंबडासारखा भाग असेल तर तोच आधी घ्या, कारण सापडायचं असतं ते बहुतेक तिथेच. डबीवर नावाबरोबर शौचाची वेळ लिहायला लावा. नमुना कधी गोळा झाला ते कळलं नाही, तर पुढचं सगळं अंदाजाने चालतं.

औषधांबद्दल विचारायला विसरू नका. मेट्रोनिडाझोल किंवा टेट्रासायक्लिन चालू असेल तर परजीवी असूनही दिसत नाहीत; शेवटच्या गोळीनंतर दोन आठवडे थांबणं बरं. बेरियमचा एक्स-रे झाला असेल तर सात-दहा दिवस स्लाइडवर पांढरी भुकटीच दिसते. अँटासिड, जुलाब थांबवणारी औषधं, एरंडेल, यांचाही असाच घोळ. आमच्याकडे पोट बिघडलं की केमिस्टकडून दोन गोळ्या घेऊन मगच डॉक्टरकडे जायची पद्धत आहे, त्यामुळे 'औषध चालू आहे का' असं विचारून उत्तर मिळत नाही. 'मेडिकलमधून काही आणून घेतलंत का' असं विचारलं की मिळतं.

आता वेळ. पातळ, पाण्यासारखा नमुना अर्ध्या तासात बघायचा. अर्धवट घट्ट असेल तर तासाभरात. बांधलेला, घट्ट नमुना फ्रीजमध्ये ठेवून त्याच दिवशी, फार तर चोवीस तासांत. यामागचं कारण सोपं आहे. पातळ शौचात ट्रोफोझॉइट असतात, ते शरीराबाहेर सिस्ट बनवू शकत नाहीत, सरळ मरून विरघळतात. घट्ट शौचात सिस्ट असतात. त्या कवचात असल्याने तग धरतात. इन्क्युबेटरमध्ये नमुना कधीही ठेवू नका. 'ऊब मिळाली की अमीबा जिवंत राहील' हा समज मी अनेकांकडून ऐकला आहे. प्रत्यक्षात त्या उबेत जिवाणू वाढतात आणि अमीबा लवकर संपतो. गोठवूही नका.

वेळेत बघणं शक्यच नसेल तर एक भाग नमुना तीन भाग १० टक्के फॉर्मेलिनमध्ये घोळवून ठेवा. बाजारात मिळणाऱ्या फॉर्माल्डिहाइडचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग म्हणजे १० टक्के फॉर्मेलिन. यात अंडी, अळ्या आणि सिस्ट टिकतात. ट्रोफोझॉइटची हालचाल मात्र गेली ती गेलीच.

शेवटची गोष्ट : एक नमुना पुरत नाही. जिआर्डिया हा आतड्यातला एकपेशी परजीवी रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाही. आज शेकड्याने, परवा एकही नाही. एक दिवसाआड तीन नमुने, दहा दिवसांच्या आत, हा जुना नियम आजही बरोबर आहे. पेशंट कुरकुर करतो, खर्चाचं बोलतो. मग निदान पहिला नमुना कोरा निघाल्यावर दुसरा मागायची सवय लावून घ्या.

स्लाइडआधी डोळ्यांनी

ग्लोव्ह्ज घाला, डबी उघडा आणि आधी नुसतं बघा. घट्ट, मऊ, पातळ की पाण्यासारखा. रंग. शेंबूड. रक्त ताजं लाल की डांबरासारखं काळं. गांडुळाएवढा गोल, पांढरट-गुलाबी जंत असेल तर तो अॅस्कॅरिस, गोलकृमी. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखे, सेंटिमीटरभराचे वळवळणारे जंत म्हणजे पिनवर्म. भोपळ्याच्या बीसारखे किंवा नूडल्सच्या चपट्या तुकड्यांसारखे पांढरे भाग असतील तर टेपवर्मचे खंड, आणि इथे हात जपायचे. डुकराच्या मांसातून येणाऱ्या टीनिया सोलियमची अंडी पोटात गेली तर त्यातून मेंदूत गाठी होऊ शकतात. खंड दोन स्लाइडमध्ये दाबून बघितला की गर्भाशयाच्या मुख्य नळीतून एका बाजूला निघणाऱ्या फांद्या मोजता येतात : तेराहून जास्त, साधारण पंधरा ते वीस असतील तर बीफमधून येणारा टीनिया सॅजिनाटा, सात ते तेरा असतील तर सोलियम.

सलाईन आणि आयोडीन

एकाच स्लाइडवर डाव्या बाजूला सलाईनचा थेंब, उजव्या बाजूला आयोडीनचा. सलाईन ०.८५ टक्के, म्हणजे लिटरमागे साडेआठ ग्रॅम मीठ. लुगोलचं आयोडीन ५ ग्रॅम आयोडीन, १० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि १०० मिली पाणी असं बनतं. वापरताना ते एकास पाच पातळ करायचं. दाट आयोडीन घातलं तर सगळं गोळा होतं. पातळ केलेलं द्रावण तपकिरी बाटलीत ठेवा आणि कोऱ्या चहापेक्षा फिकं झालं की फेकून नवं करा.

काडीच्या टोकावर काड्यापेटीतल्या काडीच्या गुलापेक्षाही कमी नमुना घ्या, साधारण दोन मिलिग्रॅम. आधी सलाईनमध्ये मिसळा, मग आयोडीनमध्ये. उलटं केलं तर काडीला लागलेलं आयोडीन सलाईनमध्ये जातं आणि जिवंत जीव मरतात. कव्हरस्लिप एका कडेने टेकवून हळूच सोडा, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. स्लाइड छापील वर्तमानपत्रावर ठेवली तर अक्षरं धूसर पण वाचता आली पाहिजेत. अक्षरं दिसतच नसतील तर लेप जाड, लख्ख दिसत असतील तर फार पातळ.

आता नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक : भरपूर उजेड. कंडेन्सर (स्लाइडखालचं प्रकाश एकवटणारं भिंग) वर, डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडा. रंग न दिलेल्या स्लाइडमध्ये असं केलं की पारदर्शक सिस्ट प्रकाशात बुडून जातात. कंडेन्सर खाली करा, डायफ्रॅम आवळा. डोळ्याला थोडं अंधारं वाटलं पाहिजे.

१०च्या लेन्सने कव्हरस्लिपच्या एका कोपऱ्यातून सुरू करा आणि शेत नांगरल्यासारखं जा : एक ओळ सरळ, टोकाला वळून शेजारची ओळ. कडेपासून कडेपर्यंत पूर्ण कव्हरस्लिप. अंडी आणि अळ्या इथेच सापडतात. संशय आला की ४०वर जा, आणि संशय नसला तरी किमान एक-तृतीयांश भाग ४०ने फिरा, कारण सिस्ट १०ने हुकतात. प्रामाणिकपणे केलं तर एका स्लाइडला दहा मिनिटं लागतात. गर्दीत दहा मिनिटं मिळत नाहीत हे मलाही माहीत आहे, पण दोन मिनिटांत बघितलेल्या स्लाइडला तपासणी म्हणता येत नाही.

मोजपट्टी

आयपीसमधली मोजपट्टी बसवून घ्या. नसेल तर रक्ताची लाल पेशी ही फुकटची मोजपट्टी आहे, सुमारे सात मायक्रोमीटर. खरी पट्टी असेल तर एकदाच स्टेज मायक्रोमीटरशी जुळवा. समजा ४०च्या लेन्सवर डोळ्यातल्या पट्टीचे ४० भाग स्टेजवरच्या १०० मायक्रोमीटरवर येतात. मग एक भाग अडीच मायक्रोमीटरचा. प्रत्येक लेन्ससाठी हा आकडा वेगळा असतो. तो कागदावर लिहून मायक्रोस्कोपच्या मानेला चिकटवा. आकाराशिवाय ओळखायला गेलात तर यीस्ट, सिस्ट आणि परागकण एकाच घरचे वाटतात.

काय दिसतं

गोलकृमीचं अंडं एकदा पाहिलं की विसरत नाही : ४५ ते ७५ मायक्रोमीटर, पित्ताने पिवळट-तपकिरी झालेलं, बाहेरून खडबडीत, फणसाच्या सालीसारखं. पण फलन न झालेलं अंडं लांबट असतं, ९० मायक्रोमीटरपर्यंत जातं, साल पातळ आणि आत नुसते चकाकणारे दाणे. त्याला बरेच जण कचरा समजून सोडतात. हुकवर्मचं, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणाऱ्या जंताचं, अंडं ६० ते ७५ मायक्रोमीटर लांब, अगदी बिनरंगी, काचेसारखं पातळ कवच आणि आत चार-आठ पेशींचा पुंजका, कवच आणि पुंजक्यामध्ये स्वच्छ मोकळी जागा. हुकवर्मचे दोन्ही प्रकार, अँकायलोस्टोमा आणि नेकेटर, अंड्यावरून वेगळे काढता येत नाहीत; रिपोर्टवर 'हुकवर्म ओव्हा' एवढंच लिहा. अनवाणी शेतात काम करणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन सहा-सात आलं असेल तर ही अंडी शोधायला जास्तीची पाच मिनिटं द्या.

चाबूककृमीचं, म्हणजे ट्रायच्युरिसचं अंडं लाकडी पिंपासारखं, दोन्ही टोकांना पारदर्शक बूच, ५० ते ५५ मायक्रोमीटर. टीनियाचं गोल, ३० ते ३५ मायक्रोमीटर, जाड कवचावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा आणि आत सहा छोटे आकडे. सोलियम की सॅजिनाटा हे अंड्यावरून कळत नाही. लहान मुलांत हायमेनोलेपिस नाना हा बुटका टेपवर्म आढळतो : बाहेरचं पातळ कवच, आतलं दुसरं, आणि दोन्हींमध्ये तरंगणारे बारीक धागे. नानाचं आणि पिनवर्मचं अंडं लवकरच दुसऱ्याला लागण करू शकतं, गोलकृमीच्या अंड्याला मात्र मातीत दोन-तीन आठवडे मुरावं लागतं. काम करताना कशापासून किती सावध राहायचं ते यावरून ठरवा.

प्रोटोझोआत, म्हणजे एकपेशी परजीवींत, पहिली कसरत एंटामिबाची, म्हणजे आतड्यातल्या अमीबाची. ट्रोफोझॉइट सलाईनमध्ये एका दिशेने सरकतो, बोटासारखा पारदर्शक भाग झटकन बाहेर काढून. त्याच्या पोटात लाल पेशी दिसल्या तरच एंटामिबा हिस्टोलिटिका असं म्हणायला जागा आहे. सिस्ट १० ते २० मायक्रोमीटर, आयोडीनमध्ये चारपर्यंत केंद्रकं, कधी गोल टोकांची सिगारसारखी कांडी. पण इथेच अडचण आहे : एंटामिबा डिस्पार नावाचा निरुपद्रवी भाऊ अगदी असाच दिसतो आणि मायक्रोस्कोपने दोघांना वेगळं करता येत नाही. म्हणून सिस्टवरून 'हिस्टोलिटिका' असं ठामपणे लिहू नका. 'एंटामिबा हिस्टोलिटिका/डिस्पार सिस्ट' लिहा. डॉक्टरला त्याने फरक पडतो.

दुसरा एंटामिबा कोलाय. सिस्ट मोठी, बहुतेक १५ ते २५ मायक्रोमीटर, आठ केंद्रकं, कांडीची टोकं फुटलेल्या लाकडासारखी अणकुचीदार. हा आजार करत नाही. पण रिपोर्टवर 'ई. कोलाय' असं संक्षिप्त लिहिलंत तर घोटाळा ठरलेला : ते एका जिवाणूचंही नाव आहे, आणि नातेवाईक फोनवर शोधून घाबरून परत येतात. पूर्ण नाव लिहा. औषधाची गरज नसली तरी त्याची नोंद हवी. दुसऱ्याच्या शौचाने दूषित झालेलं पाणी किंवा अन्न पोटात गेलंय, याचा तो पुरावा असतो.

जिआर्डियाचा ट्रोफोझॉइट पेअरच्या आकाराचा, दोन केंद्रकं डोळ्यांसारखी, गळणाऱ्या पानासारखा डुलत जातो. सिस्ट अंडाकृती, ८ ते १२ मायक्रोमीटर, आत रेषा आणि चार केंद्रकं. हॉलंडच्या लीवेनहुकने १६८१ साली स्वतःच्या पातळ शौचात हेच पाहिलं, असं मानतात. त्याच्याकडे आयोडीन नव्हतं, कव्हरस्लिप नव्हती. ताजा नमुना मात्र होता.

जेवढे परजीवी सापडतात तेवढेच इतर धागेदोरेही वाचा. अमीबाच्या आमांशात रक्त भरपूर, पण पू-पेशी कमी, आणि बऱ्याचदा दोन्ही टोकांना अणकुचीदार चार्को-लेडेन स्फटिक. जिवाणूंच्या आमांशात पू-पेशींचा सडा. हे लिहिलं तर डॉक्टरला निम्मी वाट मिळते.

फसवणारी मंडळी

खरं सांगायचं तर चुका इथेच होतात. केळ्याचे धागे तांबूस जंतांसारखे दिसतात. घाबरलेल्या आया ते डबीत भरून आणतात. पालेभाजीचे केस अळीसारखे, पण आत पोकळ नळी असते आणि अळीसारखी घसा-आतडं अशी रचना नसते. परागकण गोलकृमीच्या अंड्यासारखे. भाकरी, भात, बटाटा यांतली पिठाची कणं आयोडीनमध्ये निळी-काळी होतात, सिस्ट पिवळी-तपकिरी. यीस्ट ४ ते ८ मायक्रोमीटर, शेजारी कोंब फुटलेला, आत केंद्रक दिसत नाही. तेलाचे थेंब आणि हवेचे बुडबुडे फोकस वर-खाली केला की चमकतात, आत काहीच नसतं.

मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या आपल्याच शरीरातल्या पेशी, अमीबासारख्या वाटतात, त्यांच्यातही लाल पेशी असू शकतात. पण त्या सरकत नाहीत आणि केंद्रक मोठं, बेढब असतं. 'अमीबा दिसला' म्हणून मेट्रोनिडाझोलचे कोर्स घेतलेले कितीतरी लोक खरं तर मॅक्रोफेज घेऊन फिरत होते, असं माझं प्रामाणिक मत आहे. शंका असेल तर लिहू नका, ताजा नमुना मागवा.

अंडी कमी असतील तर : कॉन्सन्ट्रेशन

साध्या लेपात दोन मिलिग्रॅम बघतो. आता ग्रॅमभर नमुन्यातली अंडी एका थेंबात आणायची. दोन मार्ग आहेत : तरंगवणं आणि बसवणं.

तरंगवण्यासाठी मिठाचं संपृक्त द्रावण. लिटरभर पाण्यात ४०० ग्रॅम मीठ उकळून थंड करा. तळाशी मीठ शिल्लक राहिलं पाहिजे. घनता सुमारे १.२० येते. छोट्या, सपाट तळाच्या बाटलीत ग्रॅमभर नमुना थोड्या द्रावणात घोटा, वरचा कचरा काढा, मग ड्रॉपरने तोंडापर्यंत भरा, पृष्ठभाग किंचित फुगलेला दिसला पाहिजे. त्यावर स्लाइड टेकवा, २० ते ३० मिनिटांनी सरळ वर उचलून झटक्यात उलटी करा, कव्हरस्लिप घाला. जास्त वेळ ठेवलंत तर अंडी आक्रसतात, काही खाली बसतात. हुकवर्मसाठी ही पद्धत फार छान आहे आणि खर्च मिठाएवढा. पण गोलकृमीची फलन न झालेली अंडी, टीनियाची अंडी, झाकण असलेली पर्णकृमींची (पानासारख्या चपट्या जंतांची) अंडी आणि स्ट्राँगिलॉइडीस या बारीक जंताच्या अळ्या यात तरंगत नाहीत. सिस्ट तरंगवायच्या असतील तर १.१८ घनतेचं झिंक सल्फेट.

सगळं एकदम हवं असेल तर बसवायची पद्धत, फॉर्मॉल-ईथर. अतिज्वलनशील ईथरऐवजी इथाइल अॅसिटेट वापरा, तेवढंच चांगलं चालतं. ग्रॅमभर नमुना सात मिली १० टक्के फॉर्मेलिनमध्ये घोटा. ओल्या गॉझच्या दोन पदरांतून गाळून शंक्वाकृती ट्यूबमध्ये घ्या. तीन मिली इथाइल अॅसिटेट घाला, बूच लावून अर्धा मिनिट जोरात हलवा आणि बूच हळूच उघडा, आत दाब झालेला असतो. सेंट्रिफ्यूजमध्ये ५०० जीवर (गुरुत्वाच्या पाचशे पट जोरावर) दहा मिनिटं फिरवा. चार थर दिसतात : वर इथाइल अॅसिटेट, त्याखाली कचऱ्याची चकती, मग फॉर्मेलिन, तळाशी चिमूटभर गाळ. काडीने चकती कडेने सुटी करा, वरचे तीन थर एका झटक्यात ओता. गाळाचा एक थेंब सलाईनमध्ये, एक आयोडीनमध्ये. पूर्ण गाळ बघा. मेहनत केली ती त्यासाठीच.

फॉर्मेलिनवर फार विश्वास ठेवू नका : गोलकृमीची अंडी त्यातही काही काळ जिवंत राहतात. वापरलेल्या डब्या आणि काड्या ऑटोक्लेव्ह करा किंवा जाळा.

एक छोटं विषयांतर. प्रत्येक परजीवी शौचातच सापडतो असं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ च्या सुमारास भारतातला लघवीमार्गाच्या शिस्टोसोमाचा, म्हणजे रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या एका पर्णकृमीचा, अड्डा नोंदवला गेला. तो सापडला लघवीच्या गाळात, टोकाला काटा असलेल्या अंड्यांवरून. आमच्या कोकणातलंच उदाहरण आहे म्हणून सांगतो : डॉक्टरने नेमका कोणता संशय धरलाय ते विचारल्याशिवाय नमुना निवडू नका.

अंडी मोजायची असतील तर

सर्वेक्षणासाठी काटो-कॅट्झ ही अंडी मोजायची पद्धत. गाळलेला नमुना ४१.७ मिलिग्रॅमच्या साच्यात भरून स्लाइडवर काढायचा, ग्लिसरीन-मॅलाकाइट ग्रीनमध्ये किमान चोवीस तास भिजवलेलं सेलोफेन त्यावर ठेवून दाबायचं. अंडी मोजा, २४ने गुणा, ग्रॅममागची अंडी मिळतात. ९० हुकवर्म अंडी म्हणजे ग्रॅममागे २१६०. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत २००० ते ३९९९ म्हणजे मध्यम लागण. तोच आकडा गोलकृमीचा असता तर सौम्य, कारण तिथे ४९९९पर्यंत सौम्यच. हुकवर्म असेल तर स्लाइड तासाच्या आत वाचा. ग्लिसरीनने ती अंडी इतकी पारदर्शक होतात की दिसेनाशी होतात. पातळ शौचावर ही पद्धत चालत नाही. रोजच्या रुग्णांसाठी हिची गरज क्वचितच पडते. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनी शाळांत अल्बेन्डाझोल देतात, त्याचा उपयोग किती झाला हे बघायला मात्र असेच आकडे लागतात.

सेलोटेप

मूल रात्री गुदद्वार खाजवत रडतं आणि आई स्टूलची डबी घेऊन येते. डबी परत द्या. पिनवर्मची मादी रात्री बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते; शौचात ती फार थोड्यांच्या सापडतात. सकाळी उठल्याउठल्या, संडास आणि अंघोळीच्या आधी, पारदर्शक सेलोटेपची चिकट बाजू गुदद्वाराभोवती दोन-तीनदा टेकवायची आणि तीच बाजू खाली करून स्लाइडवर चिकटवायची. खाकी किंवा दुधी टेप नको. अंडं इंग्रजी डी अक्षरासारखं, एक बाजू सपाट, ५० ते ६० मायक्रोमीटर. एका सकाळी निम्म्याच केसेस सापडतात, तीन सकाळी लागोपाठ केलं तर सुमारे नव्वद टक्के. टेप आणि स्लाइडमध्ये टोल्युइनचा थेंब सोडला तर चित्र स्वच्छ होतं.

रंगवलेली स्लाइड

एचआयव्ही, किडनी प्रत्यारोपण, कॅन्सरची औषधं किंवा लहान मूल, आणि जुलाब थांबत नाहीत : इथे साधा लेप पुरत नाही. अशा जुलाबांमागचा क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशी परजीवी ४ ते ६ मायक्रोमीटरचा. आयोडीनमध्ये यीस्टच वाटतो. लेप वाळवा, मिथेनॉलमध्ये तीन मिनिटं, थंड कार्बॉल फुक्सिन पंधरा मिनिटं, धुवा, १ टक्का अॅसिड अल्कोहोलने १० ते १५ सेकंद, धुवा, मॅलाकाइट ग्रीन अर्धा मिनिट. टीबी तपासणीच्या बाटलीतलं वीस-पंचवीस टक्के सल्फ्युरिक अॅसिड घालू नका, लाल रंग निघून जातो आणि रिपोर्ट खोटा कोरा येतो. १००च्या तेलाच्या लेन्सखाली हिरव्या पार्श्वभूमीवर लाल-गुलाबी गोल दिसतात. दुप्पट मोठे, ८ ते १० मायक्रोमीटरचे असतील तर सायक्लोस्पोरा. लांबट, २५ ते ३० मायक्रोमीटरचे असतील तर सिस्टोआयसोस्पोरा. इथेही मोजपट्टीच कामाला येते.

अळी दिसली तर

ताज्या शौचात अंड्याऐवजी वळवळणारी अळी दिसली की हात थांबवा. नमुना शिळा असेल तर ती हुकवर्मची असू शकते, कारण आपल्याकडच्या गर्मीत त्याची अंडी दिवसभरात फुटतात. ताजा असेल तर स्ट्राँगिलॉइडीस. हुकवर्मच्या अळीच्या तोंडातली नळी लांब, स्ट्राँगिलॉइडीसची अगदी आखूड आणि पोटाच्या मध्याशी जननेंद्रियाचा ठळक ठिपका. अळीला आयोडीनने स्थिर करून बघा.

हा फरक जीवावरचा आहे. स्ट्राँगिलॉइडीस शरीरातच पुन्हा पुन्हा लागण करून वर्षानुवर्षं राहतो आणि स्टिरॉइड सुरू झाल्यावर अंगभर पसरू शकतो. दमा, संधिवात किंवा किडनीसाठी स्टिरॉइड सुरू होणार आहे आणि इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले आहेत, असा रुग्ण असेल तर एका कोऱ्या स्लाइडवर समाधान मानू नका. अगरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर नमुना ठेवून दोन-तीन दिवस अळ्यांनी काढलेल्या वाटा शोधा किंवा बेअरमनच्या फनेलने कोमट पाण्यात अळ्या उतरवा. अळी सापडली की फोन उचलून डॉक्टरला सांगा, रिपोर्टच्या रांगेत ठेवू नका.

किट आणि पीसीआर

हिस्टोलिटिका आणि डिस्पार वेगळे काढायचे तर अँटिजेन चाचणी (परजीवीचं प्रथिन शोधणारी) किंवा पीसीआर (त्याचा डीएनए शोधणारी), लॅबला दुसरा सोपा मार्ग नाही. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियमसाठीही किट आहेत. पण पेटीतला कागद आधी वाचा. हिस्टोलिटिकाच्या किटला फॉर्मेलिनमधला नमुना चालत नाही, ताजा किंवा गोठवलेलाच लागतो. आणि किट जे शोधायला बनवलंय तेवढंच शोधतं. शेजारी हुकवर्म बसला असेल तर ते गप्प राहतं. यकृतात अमीबाचा गळू असेल तर स्टूल बहुतेक वेळा कोराच येतो, तिथे रक्तातल्या अँटिबॉडीची चाचणी उपयोगी.

रिपोर्ट

काय लिहायचं : नमुना किती वाजताचा, किती वाजता बघितला, घट्ट की पातळ, कोणत्या पद्धती केल्या, आणि मग जे दिसलं त्याचं पूर्ण नाव आणि अवस्था. काही नाही दिसलं तर 'या एका नमुन्यात थेट व कॉन्सन्ट्रेशन पद्धतीने परजीवी आढळले नाहीत'. ओळ लांब होते, होऊ द्या. लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर अंडी नसतातच. गोलकृमीला अंडी घालायला दोन-तीन महिने लागतात. ताप, खोकला आणि इओसिनोफिल वाढलेला मुलगा आज कोरा असेल, दोन महिन्यांनी भरलेला.

औषधानंतरची तपासणीही घाईने करू नका. प्रोटोझोआसाठी तीन-चार आठवडे, टेपवर्मसाठी पाच-सहा आठवडे थांबा.

आणि सापडलेला प्रत्येक चांगला नमुना फॉर्मेलिनच्या छोट्या बाटलीत ठेवून द्या. लेबलवर परजीवीचं नाव आणि महिना लिहा, रुग्णाचं नाव नको. माझ्या कपाटात अशा तीसेक बाटल्या आहेत. नवीन मुलगा लागला की पहिल्या आठवड्यात त्याला त्यातल्या पाच देतो, लेबल झाकून. दोन तो ओळखतो, दोन चुकतो, आणि पाचवीत केळ्याचा धागा असतो.